डॉक्टर मार्था : एका अभिवाचनाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

वाचनालयाच्या बैठकीत ठरलं. ८ मार्चला आमच्या गटाचं ४५ मिनिटांचं अभिवाचन, संहिता मी लिहायची. आजवर आनंदीबाई, रमाबाई, सावित्रीबाई झाल्या; यंदा बाहेरच्या मुलखातली कुणी घेऊ, असं सर म्हणाले. मी डॉ. मार्था ह्यूज कॅनन हे नाव पुढे केलं. गेल्याच महिन्यात तिचा ब्राँझचा पुतळा वॉशिंग्टनला अमेरिकी संसदेच्या इमारतीत बसला. तिथे युटा राज्यातर्फे आधी फायलो फार्न्सवर्थ या टीव्हीच्या संशोधकाचा पुतळा होता, त्याच्या जागी ही आली. ते वाचल्यापासून बाई डोक्यातून जात नव्हती.

बैठकीत मी तिची ओळख एका दमात करून दिली. १८९६ साली युटाच्या सिनेटवर, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या वरच्या सभागृहावर, निवडून आलेली, अमेरिकेतली पहिली स्त्री राज्य-सिनेटर, आणि हरलेल्या उमेदवारांत तिचा नवरा होता. त्या शेवटच्या तुकड्याला सगळे खळखळून हसले आणि विषय पक्का झाला. रात्रभर मला तेच खुपत राहिलं. ती सिनेटमध्ये जाऊन काय करून आली हे कुणी विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. संहितेत ते आधी येईल, याची काळजी मला घ्यायची आहे.

१२ जानेवारी, रविवार

बालपणाचं पान लिहून झालं. जन्म १ जुलै १८५७, वेल्समधलं समुद्रकाठचं लँडिडनो गाव. आईवडिलांनी मॉर्मन हा अमेरिकेत निघालेला ख्रिस्ती पंथ घेतला आणि पंथाची वस्ती होती त्या, आजच्या युटातल्या, सॉल्ट लेकच्या खोऱ्याकडे निघाले. आगगाडी तिकडे पोचायला आणखी आठ वर्षं होती, त्यामुळे मिसूरी नदीपासून पुढचे सुमारे १६०० किलोमीटर १८६१ साली गाड्यांच्या तांड्याबरोबर काढले. धाकटी अ‍ॅनी, पावणेदोन वर्षांची, वाटेतच गेली. तिथेच पुरली, वर खूण नाही. वडील आजारी होतेच. खोऱ्यात पोचल्यावर तिसऱ्या दिवशी तेही गेले. मार्था तेव्हा चार वर्षांची.

सर म्हणाले, इथे व्हायोलिन घेऊ. मी नको म्हटलं. "तिसऱ्या दिवशी" एवढे दोन शब्द वाचून थांबायचं, दोन श्वास. ते पुरतं.

आईने पुढे जेम्स पॉल या विधुराशी लग्न केलं. त्याची चार मुलं, या दोघी बहिणी, नंतर झालेली आणखी भावंडं. सावत्र बापाने या मुलीच्या शिक्षणाला पाठबळ दिलं, हे मुद्दाम एका वाक्यात ठेवलंय. गोष्टींमधले सावत्र बाप फार वाईट असतात.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज मनापासून लिहिलं. चौदाव्या वर्षी मार्था शाळेत शिकवायला लागली, मग ते सोडून छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला. 'डेझरेट न्यूज' हे तिथलं वृत्तपत्र आणि 'वुमन्स एक्स्पोनंट' हे १८७२ मध्ये सुरू झालेलं बायकांचं पत्र, दोन्हींसाठी. डॉक्टर व्हायचं तर पैसा हवा. चिखलबर्फातून चालायचं म्हणून पुरुषी बूट घेतले, केस आखूड केले. दिवसा खिळे आणि त्याबरोबरच डेझरेट विद्यापीठात रसायनशास्त्र.

माझे बाबा कंपोझिटर होते. म्हणून हे पान इतरांपेक्षा मोठं झालंय आणि ते कापायला मी तयार नाही. लहानपणी डबा द्यायला गेले की मी त्यांच्या हाताकडे बघत बसायची. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजवा हात 'केस' या खिळ्यांच्या पेटीतल्या घरांवर फिरतोय आणि नजर सगळा वेळ मजकुरावर. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती बोटाला लागली की खिळा सुलटा आहे हे न बघता कळतं. ओळ डावीकडून उजवीकडेच जुळते, पण अक्षरं डोक्यावर उभी आणि आरशातली. बाबा ती आपण पेपर वाचतो तशी वाचायचे. संध्याकाळी राखेने हात घासले तरी अंगठ्याच्या रेघांत शिसं राहायचंच. केसची घरं पाठ व्हायला त्यांना सहा महिने लागले होते, आणि आपल्याकडे तर जोडाक्षरं, काना, मात्रा धरून घरंच किती!

हा हात मार्थाचाही होता, एवढं मला श्रोत्यांना दाखवायचंय. पंचवीस वर्षांनी तिच्या निवडणुकीवर पेपरात जे आलं ते तिनं मनात उलटं जुळवून वाचलं असेल, असं एक वाक्य सुचलं होतं. सुंदर होतं, पण तिनं तसं कुठे म्हटलेलं नाही. खोडलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर वाचनालयातच बसले.

१८७८ मध्ये ती मिशिगन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत गेली, अ‍ॅन आर्बरला. खर्चासाठी खाणावळीत भांडी घासली, बिछाने घातले. १ जुलै १८८०, तेविसाव्या वाढदिवशी एम.डी. मग फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पुढचं शिक्षण. पंचाहत्तर विद्यार्थ्यांत ही एकटी स्त्री. प्रबंधाचा विषय तिच्या डोंगराळ मुलखातला ताप. त्याच सुमारास वक्तृत्वाच्या शाळेतही नाव घातलं आणि तिथली पदवी घेतली. डॉक्टरला भाषण कशाला हवं? लोकांना स्वच्छतेबद्दल सांगायचं तर नीट बोलता आलं पाहिजे, असं मला वाटतं. पंचविसाव्या वर्षापर्यंत चार पदव्या.

फिलाडेल्फिया म्हटल्यावर आमच्या कल्याणात दुसरं नाव येणारच, आनंदीबाईंचं माहेर इथलं. मार्था १८८२ मध्ये तिथलं शिक्षण संपवून घरी परतली, आनंदीबाई १८८३ मध्ये तिथे पोचल्या. एका वर्षाने चुकामूक. कॉलेजही वेगळं. आनंदीबाईंचं कॉलेज फक्त स्त्रियांचं होतं. पण त्याच कॉलेजातून मार्थाच्या आधी तिच्याच गावच्या दोन मॉर्मन बायका डॉक्टर होऊन आल्या होत्या, रोमानिया प्रॅट १८७७ मध्ये आणि एलिस शिप १८७८ मध्ये. म्हणजे सॉल्ट लेकहून निघालेली वाट आणि कल्याणहून निघालेली वाट एकाच दारातून गेली आहे.

गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने सुचवलं, "काकू, दोघींची भेट दाखवू या ना, कल्पनेतली." मोह मलाही झाला. पण भेट झालेली नाही. तारखा शेजारी ठेवू, तेवढ्याने काम होतं: ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंच्या हातात पदवी आली, आणि पुढच्याच महिन्यात मार्था सात महिन्यांची मुलगी घेऊन देश सोडून पळाली. का पळाली, ते पुढच्या पानात.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचं वाचन तीन तास चाललं, त्यातला दीड तास एका शब्दावर.

फिलाडेल्फियाहून आल्यावर मार्था डेझरेट हॉस्पिटलची निवासी डॉक्टर झाली. हॉस्पिटलच्या संचालकांत अँगस कॅनन होते. सॉल्ट लेक भागातले पंथाचे मोठे अधिकारी, तिच्याहून २३ वर्षांनी मोठे. ६ ऑक्टोबर १८८४ ला दोघांचं लग्न झालं. ती त्यांची चौथी बायको. पहिल्या दोघी सख्ख्या बहिणी होत्या, एकाच दिवशी लग्न झालेल्या. पुढे आणखी दोन आल्या. लग्न गुपचूप, कारण १८८२ च्या एडमंड्स कायद्याने एकाहून जास्त बायकांबरोबर संसार करणं हा गुन्हा ठरला होता.

मी लिहिलं होतं "बहुपत्नीक विवाह". मार्थाचं वाचन करणाऱ्या ताई म्हणाल्या, "अगं, हे पाठ्यपुस्तकातलं झालं. सवत म्हण. सवत म्हटलं की समोर बसलेल्या सगळ्या बायकांच्या पोटात काय ते होतं." सरांचं मत उलटं. सवत म्हटलं की आपल्या ओव्यांमधलं, गाण्यांमधलं भांडण येतं, आणि या बायका तर धर्माज्ञा म्हणून हे मानत होत्या. दोघांचंही खरं. शेवटी मार्थाच्या तोंडी हा शब्द घेतला नाही, निवेदनात "सवती" घेतला.

खरी अडचण पुढे आहे. निवडून आल्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत तिनं बहुपत्नीत्वाची बाजू घेतली. नवऱ्याला चार बायका असतील तर प्रत्येकीला महिन्यातले तीन आठवडे मोकळे मिळतात, अशा अर्थाचं वाक्य. ताई वाचून थांबल्या. "टाळी पडेल गं, पण मला हे वाचताना खरं वाटत नाही." मग मी परदेशातून तिनं नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांचा सारांश काढला. त्यात एकटेपण आहे, पैशांची ओढाताण आहे, आणि नव्या बायकांबद्दल मत्सर आहे, उघड मत्सर. दोन्ही तिचंच. पेपरला सांगितलेलं आणि नवऱ्याला लिहिलेलं, एकामागोमाग एक वाचायचं, मध्ये निवेदन नाही. बाईचा वकील व्हायचं नाही आणि फिर्यादीही व्हायचं नाही, एवढं गटाने ठरवलं. मला स्वतःला ते पत्रांतलं दुःख जास्त खरं वाटतं, पण ते माझं मत, संहितेत नको.

९ फेब्रुवारी, रविवार

पळून जाण्याचं पान. हे पान डॉक्टर म्हणून तिच्याबद्दल सर्वात जास्त सांगतं.

अँगस यांना जानेवारी १८८५ मध्ये अटक झाली, सहा महिन्यांची कैद आणि ३०० डॉलर दंड. खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ते हरले. त्याच वर्षी सप्टेंबरात मार्थाला मुलगी झाली, एलिझाबेथ. ते मूल म्हणजे नवऱ्याविरुद्धचा चालताबोलता पुरावा. पण तेवढंच नव्हतं. मार्था बाळंतपणं करणारी डॉक्टर होती. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बायकांची बाळं तिच्या हातावर जन्मली होती. कोणाच्या घरी कोणतं मूल कधी आलं हे तिला माहीत, आणि सरकारी वकिलांना नेमकी तीच साक्ष हवी होती. तिनं तोंड उघडलं की एकेका घरातला बाप तुरुंगात. आपल्या रोग्यांचं गुपित कोर्टात उघडं करायचं नाही म्हणून एप्रिल १८८६ मध्ये ती मुलीला घेऊन इंग्लंडला निघाली. खोट्या नावांनी राहिली. युरोपात फिरली, जमेल तिथे रुग्णालयं पाहिली, आणि १८८७ च्या अखेरीस परतली. आल्यावर परिचारिकांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फोनवर सरांशी एका शब्दाबद्दल बोलणं झालं. त्या काळात लपून राहणाऱ्या मॉर्मन लोकांच्या जीवनाला ते लोक जे म्हणत त्याचं सरळ मराठी "भूमिगत" होतं. पण आमच्या श्रोत्यांत सत्तरीच्या पुढचे बरेच. भूमिगत म्हटलं की त्यांना बेचाळीसची चळवळ आठवणार आणि मार्थाभोवती स्वातंत्र्यसैनिकाचं वलय तयार होणार. "लपून राहिली" असं साधं केलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

निवडणुकीचं पान. तीन वेळा लिहिलं.

आधी मताचा हक्क. युटा तेव्हा राज्य नव्हतं, टेरिटरी होतं. म्हणजे कारभार वॉशिंग्टनच्या हाती, गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमणार, आणि तिथल्या विधिमंडळाने केलेलं काहीही संसद रद्द करू शकणार. फेब्रुवारी १८७० मध्ये तिथल्या विधिमंडळाने बायकांना मत दिलं आणि दोन दिवसांनी, १४ तारखेला, सेराफ यंग नावाच्या शिक्षिकेने सॉल्ट लेकच्या नगर-निवडणुकीत मत टाकलंसुद्धा. वॉशिंग्टनमधल्या काहींना वाटत होतं, बायकांना मत मिळालं की त्या बहुपत्नीत्व मोडून काढतील. तसं झालं नाही. १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने संसदेने ते मत काढून घेतलं. सतरा वर्षं वापरलेला हक्क, गेला. मुंबई इलाख्यात आपल्याकडे बायकांना मत १९२१ मध्ये मिळालं, म्हणून "मिळालं" हीच गोष्ट आपण सांगतो. इथे मिळणं, जाणं आणि पुन्हा मिळवणं आहे. पंथाने १८९० मध्ये नवी बहुपत्नीक लग्नं थांबवल्याचं जाहीर केलं, १८९५ मध्ये राज्यघटना लिहिताना बायकांचं मत त्यात घातलं गेलं, आणि ४ जानेवारी १८९६ ला युटा पंचेचाळिसावं राज्य झालं. यासाठी सभा घेणाऱ्या, भाषणं करणाऱ्या बायकांत मार्था पुढे होती. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही ती बोलली.

मग ३ नोव्हेंबर १८९६. आता ते "नवऱ्याला हरवलं". मीही ५ जानेवारीला तसंच सांगितलं होतं, आणि डोळ्यांसमोर असा सामना होता की एका बाजूला नवरा, एका बाजूला बायको. तसं नव्हतं. सॉल्ट लेक काउंटीतून पाच सिनेटर निवडायचे होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे पाच, रिपब्लिकनांचे पाच. मतदाराने त्यांतले पाच निवडायचे. मार्था एका यादीत, अँगस दुसऱ्या. डेमोक्रॅटांचे पाचही आले. त्या वर्षी युटात चांदीचीही नाणी मोकळेपणाने पाडावीत का या प्रश्नावरून अशी लाट होती की राष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार ब्रायन यांना तिथे ८० टक्क्यांहून अधिक मतं पडली. चांदीच्या खाणींचा मुलूख, आणि ब्रायन चांदीच्या बाजूचे. हे सांगितल्याने मार्था लहान होत नाही. उलट त्या रिपब्लिकन यादीत आणखी एक नाव होतं, एमेलिन वेल्स. 'वुमन्स एक्स्पोनंट'च्या संपादक, मताच्या लढ्यातल्या ज्येष्ठ. ज्या पत्राचे खिळे मार्थाने जुळवले त्याच पत्राच्या संपादक हरल्या आणि ही जिंकली. मला हे नवऱ्याच्या गोष्टीपेक्षा जास्त लागतं. दोघी एकाच हक्कासाठी वीस वर्षं उभ्या, आणि पहिल्याच निवडणुकीत समोरासमोर.

मार्था ही पहिली स्त्री आमदार होती का? नाही. कोलोरॅडोत १८९४ मध्येच तीन बायका खालच्या सभागृहात आल्या होत्या. वरच्या सभागृहात मार्था पहिली. आणि "विधान परिषद" म्हणायचं नाही, असंही ठरलं. आपली परिषद शिक्षक, पदवीधर, स्थानिक संस्था अशी निवडली जाते. तिथलं सिनेट थेट लोक निवडतात. "सिनेट" ठेवू आणि सोपं करून "आमदार".

२० फेब्रुवारी, गुरुवार

वृत्तपत्रांचा तुकडा मुलीने आज पाठ करूनच आणला. निवडणुकीआधी 'सॉल्ट लेक हेरल्ड'ने लिहिलं होतं की दोघांत मिसेस कॅनन याच जास्त मर्द, त्यांना सिनेटवर पाठवा आणि मिस्टर कॅनन यांना घरचा कारभार बघू द्या. दुसऱ्या दिवशी 'ट्रिब्यून'ने उत्तर दिलं: आता अँगस यांच्यापुढे दोनच मार्ग, घरी जाऊन बायकोच्या डोक्यावर फुलांचा गुच्छ मोडायचा नाहीतर 'हेरल्ड'च्या कचेरीत जाऊन ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात खुर्ची घालायची. मुलगी फार छान वाचते. हशा येणार. येऊ दे, फक्त हा तुकडा मध्यावर ठेवलाय, शेवटाला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आता सिनेट. या पानासाठीच मी सगळं लिहितेय.

जानेवारी १८९७. राज्याला स्वतःची विधानभवनाची इमारत नव्हती, अधिवेशन सॉल्ट लेकच्या सिटी अँड काउंटी बिल्डिंगमध्ये. दोन वर्षांतून एकदा, ६० दिवस. म्हणजे जे करायचं ते दोन महिन्यांत. पहिल्याच महिन्यात तिनं तीन विधेयकं मांडली. एक, बहिऱ्या, मुक्या आणि आंधळ्या मुलांचं शिक्षण सक्तीचं करणारं. दोन, राज्य आरोग्य मंडळ स्थापन करणारं. तीन, दुकानांत काम करणाऱ्या बायका आणि मुलींच्या आरोग्याचं रक्षण करणारं. तिन्हींचे कायदे झाले. आरोग्य मंडळाच्या पहिल्या सदस्यांत तीही होती. साथी, पिण्याचं पाणी, सांडपाणी यांचा विचार आता गावोगावच्या मर्जीवर न राहता राज्याच्या हाती आला. दोन वर्षांनी, १८९९ च्या अधिवेशनात, शाळांमधून दारू आणि अमली पदार्थांचे परिणाम शिकवण्याचा कायदा तिनं आणला. मध्ये १८९८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन संसदेच्या समितीसमोर बायकांच्या मताबद्दल साक्ष दिली. त्या वेळी ती स्वतः आमदार होती आणि देशातल्या बहुतेक बायकांना मतच नव्हतं.

तिसऱ्या कायद्यात काय होतं? मालकाने काम करणाऱ्या बायकांसाठी स्टूल, खुर्ची किंवा बसण्याची सोय ठेवायची, म्हणजे गिऱ्हाईक नसताना त्यांना टेकता येईल. बस.

मी हे वाचलं त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेले होते. दीड तास एक मुलगी आमच्यासमोर उभी. साडी उलगडायची, खांद्यावर टाकून दाखवायची, घडी घालायची. शेवटच्या अर्ध्या तासात लक्ष गेलं, तिनं काउंटरमागे उजव्या पायातली चप्पल काढली होती आणि ते पाऊल दुसऱ्या पायाच्या घोट्यावर घासत होती. घोटा सुजलेला. मागे एक स्टूल होतं, त्यावर ब्लाउजपीसचे खोके रचलेले. मी म्हटलं, "बस ना गं दोन मिनिटं." ती म्हणाली, "नको मावशी, वर कॅमेरा आहे." गिऱ्हाईक म्हणून माझ्या इतक्या वर्षांत हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

केरळने दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क २०१८ मध्ये घातला, तामिळनाडूने २०२१ मध्ये. युटाच्या कायद्यानंतर १२१ वर्षांनी केरळ. केरळात त्यासाठी कपड्याच्या दुकानांतल्या बायकांनी स्वतः आवाज उठवला होता. हे निवेदनात घेतलं, फार तर चार ओळी.

मंचावर एक लाकडी स्टूल हवं. सामानाच्या यादीत टाकलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. आणि आज आनंदीबाईंची पुण्यतिथी, १८८७ ची. एकविसाव्या वर्षी गेल्या, मायदेशी डॉक्टर म्हणून एक दिवस काम करायला मिळालं नाही. मार्था ७५ वर्षं जगली. संहितेत त्यांचा उल्लेख दोनदा होता, एकदाच ठेवला. हे अभिवाचन मार्थाचं आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम असल्याने सभागृह नाही. ताईंच्या गच्चीवर तालीम. ५८ मिनिटं होतायत. तेरा मिनिटं कापायची.

२ मार्च, रविवार

शेवटचं पान. १८९९ च्या अधिवेशनात तिचं गरोदरपण दिसू लागलं. १७ एप्रिलला तिसरं मूल, ग्वेंडोलिन. पंथाने नवी लग्नं थांबवली होती, जुन्या संसारांचं काय ते संदिग्ध होतं, आणि कायद्यापुढे गुन्हा तो गुन्हाच. अँगस यांना १०० डॉलर दंड झाला. दंड भरून ते मोकळे. मार्थाचं राजकारण मात्र संपलं, ती परत उभी राहिली नाही. वय ४१. पुढची वर्षं बरीचशी कॅलिफोर्नियात, डॉक्टरकी करत. १० जुलै १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये गेली.

सर म्हणाले, शेवट पुतळ्यावर करू, टाळ्या घेऊन. ताईंचं म्हणणं दंडावर. मी बराच वेळ बोलले नाही. माझ्या मनात तिसरंच होतं. तिनं आपल्या रोजनिशा जाळायला सांगितल्या होत्या आणि त्या जाळल्या गेल्या. सिनेटमध्ये बसलेली असताना, पोटात मूल असताना, ती रात्री काय लिहीत होती, ते गेलं. मला त्याचं फार वाईट वाटतं. पण रोग्यांची गुपितं राखायला जिनं देश सोडला तिनं स्वतःचंही राखलं, तर त्यावर मी काय बोलणार? रोजनिशांचं एक वाक्य ठेवलं आणि त्यानंतर तिसऱ्या कायद्याचं वाक्य पुन्हा. शेवट तिथे. कापाकापीत सरांचा व्हायोलिनचा दुसरा तुकडाही गेला, त्यांनी मोठ्या मनाने दिला.

७ मार्च, शुक्रवार

रंगीत तालीम. ४७ मिनिटं. माइक दोनच मिळाले, चौथा वाचक बिनमाइकचा. स्टूल मिळालं, आईच्या स्वयंपाकघरातलं, एक पाय किंचित आखूड. घडी केलेला पुठ्ठा खाली सारला.

८ मार्च, शनिवार

झालं. साठ-सत्तर माणसं. "तिसऱ्या दिवशी" नंतर एकही खोकला आला नाही. खिळ्यांच्या पानाला पुढच्या रांगेतले एक आजोबा मान डोलावत होते. नंतर कळलं, तेही जुने कंपोझिटर. वर्तमानपत्रांना हशा आला, ठरल्याप्रमाणे. सवतीच्या पानाला बायकांच्या बाजूने कुजबुज झाली आणि पत्रं सुरू झाल्यावर थांबली. ताईंनी ती पत्रं अगदी खाली आवाजात घेतली, तालमीत कधी घेतली नव्हती तशी.

स्टूल पाऊण तास रिकामं होतं. वाचणारे सगळे उभे. शेवटच्या वाक्याला ताई जाऊन त्यावर बसल्या आणि बसून वाचलं.

चहाच्या वेळी एक बाई आल्या, चाळिशीच्या असतील. पंधरा वर्षं कापडाच्या दुकानात आहेत. त्यांनी अभिवाचनाबद्दल काही विचारलं नाही. म्हणाल्या, "ताई, तो केरळचा कायदा मराठीत कुठे मिळेल का? आम्ही सातजणी आहोत दुकानात."

९ मार्च, रविवार

एप्रिलमध्ये डोंबिवलीला प्रयोग विचारलाय. त्याआधीची कामं: विधेयकांचं पान आणखी पुढे आणायचं, वर्तमानपत्रांच्या आधी. टेरिटरी आणि राज्य हा फरक दोघांना कळला नाही, दोन ओळी वाढवायच्या. तिसरा माइक.

केरळ आणि तामिळनाडूच्या दुरुस्त्यांचा मूळ मजकूर ओळखीतल्या वकील मॅडमकडून मागवलाय. एका पानात सोप्या मराठीत उतरवते आणि मंगळवारी सात प्रती त्या बाईंना नेऊन देते.